साउंड बिघडला की आधी कुठे बघायचं?

कोजागरीची रात्र, सोसायटीची गच्ची, दूध आटत आलेलं आणि गाणारी बाई सतरंजीवर बसून तानपुऱ्याची वाट बघतेय. तानपुरा मोबाईलमधला. ॲप सुरू, स्क्रीनवर तारा हलताना दिसतायत, मोबाईलपासून मिक्सरपर्यंत वायर लावलेली, फेडर (आवाज कमी-जास्त करायची सरपट्टी) वर. स्पीकरमधून मात्र काहीच नाही. वायर काढून इअरफोन लावला तर तानपुरा खणखणीत. परत वायर लावली, शांतता. वायर बदलली, चॅनल बदलला, शेजाऱ्यांचा मोबाईल आणला, तरी तेच. मिक्सर माझा होता, त्यामुळे सगळे माझ्याकडे बघत होते.

शेवटी एका मुलाने कंटाळून त्याच मोबाईलवर एक सिनेमाचं गाणं लावलं. ते वाजलं! ढोलक आली, व्हायोलिनं आली, गायक मात्र गायब. मधला आवाज कुणीतरी खोडरबराने पुसून टाकावा, आणि त्याचा दूरचा घुमारा तेवढा मागे राहावा, असं काहीतरी ऐकू येत होतं. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली.

बिघडलेलं काहीच नव्हतं. मोबाईलमधून आवाज स्टिरिओ निघतो. पिनेच्या टोकावर डावा आवाज, मधल्या कड्यावर उजवा, आणि मागच्या भागावर दोघांची सामाईक परतीची वाट. मिक्सरच्या चॅनललाही तीन भागांचीच पिन लागते, पण त्याची समजूत निराळी. त्याला वाटतं, टोकावर आवाज आहे आणि कड्यावर तोच आवाज उलटा करून पाठवलाय. ही बॅलन्स्ड पद्धत लांब वायरींसाठी काढलेली. स्टेजपासून मिक्सरपर्यंत तीस-चाळीस मीटर वायर जाते, वाटेत लाइटच्या माळांची, पंख्यांची घरघर तिच्यात शिरते, आणि ती दोन्ही तारांत सारखीच शिरते. मिक्सर एकीतून दुसरी वजा करतो. घरघर उणे घरघर, शून्य. आवाज उणे उलटा आवाज, म्हणजे दुप्पट आवाज. इतकी साधी आणि इतकी हुशार युक्ती मला तरी दुसरी माहीत नाही. स्टेजवरचे बहुतेक वायरवाले माइक तिच्यावर चालतात.

आता मोबाईलमधला तानपुरा डावीकडे आणि उजवीकडे अगदी सारखा. तानपुरा उणे तानपुरा, शून्य. गाण्यातला गायकही मधोमध, म्हणजे दोन्हीकडे सारखाच असतो, म्हणून तो गेला. बाजूला पसरवून ठेवलेली वाद्यं उरली. शाळेच्या स्नेहसंमेलनात नाचाच्या ट्रॅकमधला गायक अचानक गप्प होतो आणि बाई साउंडवाल्यावर चिडतात, तेव्हा नव्वद टक्के वेळा हेच झालेलं असतं, असं आपलं माझं मत.

यावर कायमचा उपाय म्हणजे एका टोकाला मोबाईलची बारीक पिन आणि दुसऱ्या टोकाला दोन पाव इंची पिना असलेली वायर, दोन वेगवेगळ्या चॅनलना लावायची. हाताशी ती नसेल तर मोबाईलच्या सेटिंगमध्ये, ॲक्सेसिबिलिटीखाली, डावा-उजवा बॅलन्स असतो. तो पूर्ण एका बाजूला सरकवा. उजवीकडे काहीच उरलं नाही की वजा करायलाही काही उरत नाही, आणि तानपुरा येतो. त्याच पानावर मोनोचंही बटण असतं. त्याला हात लावू नका, नाहीतर होती नव्हती ती वाद्यंही जातील.

हा किस्सा सांगायचं कारण असं, की गेली कित्येक वर्षं भजनी मंडळं, घरच्या मैफली, गणपतीतले कार्यक्रम यांचा साउंड सांभाळताना मला जे जे बिघाड भेटले, त्यातले बहुतेक असेच निघाले. यंत्राच्या पोटातलं काही जळालं, असं क्वचित. गडबड असते ती दोन यंत्रांच्या मधल्या जोडात. वायर, पिन, भोक, अडॅप्टर, नाहीतर कुणाच्या तरी बोटाने चुकून दाबलं गेलेलं बटण.

नळाला पाणी आलं नाही तर आपण आधी टाकी फोडत नाही. शेजारी पाणी आहे का, मधला कॉक चालू आहे का, असं बघत जातो. आवाजाचंही तसंच करायचं. कीबोर्डपासून निघालेला आवाज वायर, मिक्सर, ॲम्प्लिफायर आणि स्पीकर अशा वाटेने येतो. आवाज बंद पडला की ही वाट मधोमध तोडून बघा. मिक्सरला हेडफोन लावा आणि त्या चॅनलचं पीएफएलचं, म्हणजे फक्त तो चॅनल हेडफोनमध्ये ऐकवणारं, बटण दाबा. हेडफोनमध्ये कीबोर्ड ऐकू आला, तर मागचं सगळं ठीक; दोष पुढे. नाही आला, तर पुढच्या भागाकडे बघायचं कारणच नाही. मग कीबोर्डलाच हेडफोन लावा. दोन-तीन पायऱ्यांत चोर सापडतो.

एका वेळी एकच गोष्ट बदला. घाईत माणूस वायरही बदलतो, चॅनलही बदलतो, गेनही (आत येणारा आवाज वाढवणारं बटण) फिरवतो, आवाज येतो, आणि कशाने आला ते कळत नाही. मग तीच मेलेली वायर नीट गुंडाळून पिशवीत परत जाते आणि पुढच्या कार्यक्रमात पुन्हा गळा धरते. माझ्याकडे लाल टेप गुंडाळलेली एक वायर आहे. ती मी कार्यक्रमात कधीच वापरत नाही, फक्त तपासायला. ती चांगलीच आहे हे मला पक्कं माहीत असतं, आणि असली एक तरी पक्की गोष्ट हातात असल्याशिवाय शोध पुढे सरकत नाही.

घूं कुठल्या पट्टीत आहे?

आवाज न येणं परवडलं, पण ती घूं नको. सगळं शांत, बुवा डोळे मिटून आ लावणार, आणि स्पीकरमधून आधीच कुणीतरी आ लावून बसलेलं.

आपल्याकडची वीज २३० व्होल्टची आणि सेकंदाला ५० हेलकावे घेणारी. ती आवाजाच्या वायरीत शिरली की ५० आणि १०० हर्ट्झचे सूर ऐकू येतात. पेटीवर लावून बघा. खालच्या सप्तकातली पांढरी पाच, म्हणजे पाचवी पांढरी पट्टी, ९८ हर्ट्झची, काळी चार जवळजवळ १०४ची. १०० त्यांच्या मधे, पांढरी पाचला लागून पण तिच्यात न मिसळणारी. म्हणून गाणारा पांढरी पाचचा असेल तर ही घूं चढ्या लागलेल्या तानपुऱ्यासारखी टोचत राहते. अमेरिकेत वीज ६० हेलकाव्यांची, त्यामुळे तिथल्या महाराष्ट्र मंडळाच्या हॉलमधली घूं १२० हर्ट्झवर, काळी पाच आणि पांढरी सातच्या मधे. प्रत्येक देशाचा षड्ज वेगळा!

ही घूं शिरण्याची सगळ्यात नेहमीची वाट म्हणजे अर्थिंगचं वेटोळं. कीबोर्डची वीज स्टेजवरच्या बोर्डातून घेतली, मिक्सरची मागच्या भिंतीवरच्या बोर्डातून. दोघांनाही अर्थिंग आहे, पण दोन ठिकाणची अर्थिंग काही एका पातळीवर नसते, किंचित फरक असतो. आता या दोन यंत्रांना जोडणाऱ्या आवाजाच्या वायरीतली जाळी म्हणजे त्या दोन अर्थिंगना जोडणारा पूल झाला. फरक असला की त्या पुलावरून करंट वाहणार. तोच स्पीकरमधून घूं म्हणून बोलतो.

लॅपटॉप जोडलेला असेल तर परीक्षा सोपी आहे. चार्जर काढा. घूं त्या क्षणी थांबली, तर गुन्हेगार तोच. कार्यक्रमापुरता लॅपटॉप बॅटरीवर चालवा आणि पुढे व्हा. बाकीच्यांसाठी, शक्य असेल तिथे स्टेज आणि मिक्सर दोन्हींची वीज एकाच ठिकाणाहून घ्या. एक लांब, जाड एक्स्टेंशन ओढायचा कंटाळा हे निम्म्या घूंचं मूळ आहे. ते जमत नसेल तर डीआय बॉक्स, म्हणजे वाद्य आणि मिक्सरच्या मधे लावायची डबी, घ्या, ट्रान्सफॉर्मरवाला. त्याच्या पोटात तारेची दोन वेगळी गुंडाळणं असतात. आवाज चुंबकत्वावरून पलीकडे जातो, तारेला तार लागत नाही, त्यामुळे पूलच उरत नाही. त्यावर ग्राउंड लिफ्टचं बटण असतं. ते फक्त आवाजाच्या वायरीची जाळी सोडवतं, विजेच्या अर्थिंगला धक्का लावत नाही.

हे सांगायचं कारण, की आपल्याकडे एक जुना इलाज सर्रास चालतो. थ्री-पिनची वरची जाड पिन काढून टाकायची, किंवा त्या वायरला प्लगमध्ये जोडायचंच नाही. घूं जाते, हे खरं. पण ती पिन बाकीच्या दोघींपेक्षा लांब का केलीय? प्लग लावताना अर्थिंग सगळ्यात आधी जुळावं आणि काढताना सगळ्यात शेवटी सुटावं म्हणून. ती काढली आणि उद्या ॲम्प्लिफायरच्या आत एखादी वायर सुटून पत्र्याला टेकली, तर २३० व्होल्ट थेट गिटारच्या तारांवर. गिटारवाल्याचा हात तारांवर आणि ओठ माइकच्या जाळीला. घूंसाठी हा सौदा करू नये. मंडपात तर वीज घेतो त्या बोर्डावर ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच) आहे का, हेही आधी बघावं.

कधी उलटंही असतं, अर्थिंगच नसतं. जुन्या घरात दोन पिनांचा चार्जर लावलेल्या लॅपटॉपच्या पत्र्यावरून हात फिरवला की बारीक झिणझिण्या येतात ना? चार्जरच्या आतल्या फिल्टरमधून गळणारा तो अगदी थोडा करंट. बाहेर जायला वाट नाही म्हणून पत्र्यावर साचून राहतो आणि आवाजाच्या वायरीतून वाट काढतो.

बेंजोवाल्यांचं दुखणं तिसरंच. गणपतीच्या मिरवणुकीत हातगाडीवर जनरेटर, शेजारी ॲम्प्लिफायर, आणि त्याला चिकटून बेंजो. त्याच्या तारांखालचा पिकअप म्हणजे लोहचुंबकाभोवती बारीक तारेची गुंडाळी. तारा हलल्या की तिच्यात करंट उठतो, आणि जवळ ट्रान्सफॉर्मर घुमत असेल तर त्याचाही उठतो, कारण गुंडाळीला दोघांतला फरक कळत नाही. तपासायचं असेल तर वाद्य हातात धरून स्वतःभोवती हळूहळू फिरा. एका दिशेला घूं वाढेल, तिथून काटकोनात वळलात की जवळजवळ विरेल. अशी दिशेप्रमाणे बदलणारी घूं वायर बदलून जायची नाही. ॲम्प्लिफायरपासून दोन हात लांब उभं राहणं आणि बरी दिशा पकडणं, एवढंच.

आणि घूंऐवजी चिरका, माशी घोंघावल्यासारखा झर्र आवाज असेल तर लाइटच्या डिमरकडे, एलईडीच्या माळांकडे, स्वस्तातल्या इन्व्हर्टरकडे बघा. माइकची वायर आणि माळेची वायर एकत्र बांधून नेण्याची हौस डेकोरेशनवाल्यांना फार. दोन्ही एकमेकींना ओलांडायच्याच असतील तर काटकोनात ओलांडा, समांतर नेऊ नका.

खरखर

खरखर ऐकू आली की एकच प्रश्न विचारायचा, काय हलवल्यावर होते? बटण फिरवताना होत असेल तर आतल्या कार्बनच्या पट्टीवर धूळ बसलीय. वीज बंद करून ते बटण या टोकापासून त्या टोकापर्यंत वीस-पंचवीस वेळा फिरवा. पुष्कळदा तेवढ्यानेच महिनाभर शांतता मिळते. जुन्या इलेक्ट्रॉनिक तानपुऱ्यात, जिथे प्रत्येक तारेला सूर लावायचं वेगळं बटण असतं, तिथे याच धुळीने सूर आपोआप सरकतो, आणि लोक यंत्र म्हातारं झालं म्हणून टाकून देतात. इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात काँटॅक्ट क्लीनर मिळतो, त्याचा एक फवारा पुरतो. दाराच्या बिजागरीला मारायचा गंजाचा स्प्रे मात्र नको. तो तेलकट थर सोडतो आणि त्यावर दुप्पट धूळ बसते.

पिन हलवल्यावर खरखर होत असेल तर जॅक किंवा वायर. वायर जवळजवळ नेहमी पिनेपासून बोटभर अंतरावर तुटते, कारण तिथेच ती वाकते. मल्टिमीटर बीपवर ठेवून एक काडी टोकाला, दुसरी पलीकडच्या टोकाला लावा आणि पिनेजवळ वायर वाकवत राहा. बीप अडखळला की तिथे कापायचं, सोलायचं, परत सोल्डर करायचं. वायरी कोपर आणि पंजाभोवती गच्च गुंडाळण्याची सवय त्यांना लवकर मारते. एक वेढा सरळ, एक उलटा, असा सैल गोल केला तर वायर पीळ घेत नाही आणि पुढच्या वेळी फेकली की सरळ उलगडते.

काहीच न हलवता, यंत्र अर्धा तास तापल्यावर खरखर सुरू होत असेल, तर आतलं सोल्डर तडकलेलं असण्याचा संभव मोठा. ते दुकानातच न्यावं.

कीबोर्ड

कीबोर्डचं एक लक्षण मला फार आवडतं, कारण ते ऐकून आतलं चित्र डोळ्यासमोर उभं राहतं. एकच पट्टी दाबली की किंचाळते, बाकीच्या नीट वाजतात. पट्टीखाली रबराची टोपी असते, तिच्यात कार्बनचे दोन ठिपके, एक आधी टेकणारा, एक नंतर. तुम्ही किती जोरात वाजवलंत हे कीबोर्ड जोरावरून ओळखत नाही. दोन ठिपके टेकण्यामधे किती वेळ गेला, त्यावरून ओळखतो. हळू दाबलं तर वेळ जास्त, जोरात दाबलं तर कमी. आता पहिल्या ठिपक्यावर धूळ बसली आणि तो उशिरा लागला, की दोघांतलं अंतर जवळजवळ शून्य. कीबोर्डला वाटतं, केवढा जोरात मारला! म्हणून ती एक पट्टी किंचाळते. धूळ आणखी वाढली की ती मुकी होते.

उपाय साफसफाईचा आहे. कीबोर्ड उघडून रबराची पट्टी उचलायची आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या, धागे न सोडणाऱ्या कापडाने ठिपके आणि खालच्या पाटीवरची काळी जागा हलकेच पुसायची. घासायचं नाही, कार्बन निघून येतो. हात सराईत नसेल तर उघडण्याआधी प्रत्येक टप्प्याचा फोटो काढा. स्क्रू दोन-तीन लांबींचे असतात आणि लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर वरचं प्लॅस्टिक फुटतं. मी फोडलंय.

पण मुक्या पट्ट्या ठरावीक अंतराने असतील, समजा दर आठवी पट्टी बंद, तर पट्ट्यांना हात लावू नका. आतमध्ये प्रत्येक पट्टीला वेगळी तार नसते; रांगा आणि स्तंभ अशी चौकट असते, बुद्धिबळाच्या पटासारखी. एक रांग तुटली की तिच्यावरच्या सगळ्या पट्ट्या एकदम जातात. तिथे चपटी रिबन वायर सैल झालेली असते. ती काढून परत नीट बसवली की बरेचदा काम होतं.

यापेक्षा कितीतरी जास्त वेळा दुखणं सेटिंगचं असतं. ‘कीबोर्ड बेसूर झाला’ अशी तक्रार आली की मी आधी ट्रान्सपोज, म्हणजे सगळे सूर एकदम वर-खाली सरकवायची सोय, बघतो. काल कुणीतरी काळी दोनच्या गाण्यासाठी तो चढवून ठेवलेला असतो. ट्रान्सपोज शून्यावर असूनही फरक राहिला तर मास्टर ट्यूनिंग. पेटीशी जुळवायला कुणी ते ४४० हर्ट्झवरून ४४४ वर नेलेलं असतं आणि पेटी केव्हाच घरी गेलेली असते. पायातलं पेडल उलटं चालतंय, म्हणजे सोडल्यावर सूर लांबतोय? बरेच कीबोर्ड चालू होताना पेडलची स्थिती तपासून घेतात. त्या वेळी तुमचा पाय पेडलवर होता, किंवा पेडल नंतर खोचलंत. बंद करा, पाय उचला, परत चालू करा.

कीबोर्डमधून आवाजच नाही, पण लॅपटॉपला जोडल्यावर लॅपटॉप मात्र वाजतोय, अशी अवस्था असेल तर लोकल कंट्रोल ऑफ झालाय. मिडी ही १९८३ साली ठरलेली भाषा आवाज वाहत नाही, फक्त हुकूम वाहते. ही पट्टी दाबली, इतक्या जोरात दाबली, आता सोडली. लोकल ऑफ केलं की कीबोर्डच्या पट्ट्या बाहेर हुकूम पाठवतात, पण स्वतःच्या पोटातल्या आवाजाला सांगत नाहीत. आणि ‘सोडली’ हा हुकूम वाटेत हरवला तर सूर अडकून बसतो, थांबतच नाही. त्यासाठी सॉफ्टवेअरमध्ये पॅनिक नावाचं बटण असतं. नाव अगदी योग्य आहे.

अडॅप्टरबद्दल थोडक्यात पण गंभीरपणे. पिन बसली म्हणजे अडॅप्टर चालेल असं नाही. व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त, आणि गोल पिनेच्या मधे धन की ऋण हे जुळायला हवं. त्याचं छोटं चित्र यंत्रावर आणि अडॅप्टरवर दोन्हीकडे छापलेलं असतं. गिटारच्या बहुतेक ९ व्होल्टच्या पेडलना मधे ऋण लागतं. यामाहाच्या १२ व्होल्टच्या अडॅप्टरला मधे धन असतं. दोन्ही पिना दिसायला बहिणी. इथे मात्र चूक झाली तर बिघाड खरोखरच यंत्राच्या पोटात जातो.

माइकची शिट्टी

यावर लोक फार बोलतात, म्हणून मी दोनच गोष्टी सांगतो. माइकचा आवाज स्पीकरमधून येऊन परत माइकमध्ये शिरतो आणि चक्र फिरायला लागतं, ती शिट्टी. चालू माइकची संख्या दुप्पट झाली की शिट्टीआधी मिळणारा आवाज ३ डेसिबलनी घटतो. भजनाला आठ माइक उघडे ठेवले, तर एकाच्या तुलनेत ९ डेसिबल गेले, म्हणजे कानाला जवळजवळ निम्मा आवाज. झांजवाल्यांना वेगळा माइक कशाला? त्यांचा आवाज तसाही चार गल्ल्यांत जातो. दुसरी गोष्ट हाताची. माइकची जाळी मुठीत धरली की मागून येणारा आवाज टाळण्याची त्याची सोय बंद होते आणि तो सगळीकडून ऐकायला लागतो. गायकाला हे सांगताना मात्र सांभाळून.

आवाज फाटत असेल तर मास्टर कमी करून भागत नाही. चॅनलच्या अगदी वर गेनचं बटण असतं, फाटतं ते तिथे. एकदा फाटलेलं पुढे कितीही हळू केलं तरी फाटलेलंच येणार. कंडेन्सर माइक, म्हणजे चालायला वीज लागणारा माइक, गप्प असेल तर त्याला मिक्सरकडून वायरीतून मिळणारी ४८ व्होल्टची फँटम पॉवर चालू आहे का बघा, आणि ते बटण दाबताना फेडर खाली ठेवा, नाहीतर पहिल्या रांगेतले आजोबा दचकतील.

ऑनलाइन शिकवणी

हल्ली परदेशातल्या मुलांना गाणं शिकवणारे पुष्कळ जण विचारतात, ‘मी इथे तानपुरा लावते, पण तिकडे तो चार सेकंदांनी विरून जातो. माझा माइक बिघडलाय का?’ बिघडलेला नाही. झूमसारखी सॉफ्टवेअर्स बोलण्यासाठी बनवलेली. एकसारखा, न थांबणारा आवाज म्हणजे पंखा किंवा एसी, असं त्यांचं गणित, आणि तो ती काढून टाकतात. तानपुऱ्याचा गुणच त्याचा गुन्हा ठरतो. झूमच्या ऑडिओ सेटिंगमध्ये संगीतकारांसाठी ओरिजिनल साउंडची सोय आहे, ती चालू करा आणि वर्गात शिरल्यावर कोपऱ्यातल्या त्या बटणावर परत एकदा नजर टाका. बाईंनी तानपुरा आपल्याकडे लावण्याऐवजी विद्यार्थ्याने त्याच्या घरी लावला तर आणखी उत्तम.

घरी रेकॉर्डिंग करताना आपलाच आवाज कानात उशिरा येतो, तो बफरमुळे. कॉम्प्युटर आवाज थेंबाथेंबाने घेत नाही, तांब्या भरला की ओततो. सेकंदाला ४८,००० नमुने आणि तांब्या १,०२४ नमुन्यांचा, तर एका तांब्याला २१ मिलिसेकंद; येताना एक, जाताना एक. आवाज हवेतून एका मिलिसेकंदात साधारण ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे तबला तुमच्यापासून चौदा-पंधरा मीटर लांब मांडल्यासारखं झालं. बफर १२८ वर आणा. फारच लहान केला तर कॉम्प्युटरला पेलवत नाही आणि टक-टक आवाज येतात. मग थोडा वाढवा. आणि ब्लूटूथचा हेडफोन लावून गाऊ नका. त्यात दीडशे-दोनशे मिलिसेकंद सहज जातात. मिनिटाला १२० मात्रांच्या लयीत एक मात्रा ५०० मिलिसेकंदांची, म्हणजे साधारण एक तृतीयांश मात्रेची घसरण. सम कुठे आली म्हणायची?

रेकॉर्डिंग एका पट्टीत केलं आणि वाजवताना जड, संथ, पाऊणएक स्वर उतरलेलं ऐकू आलं, तर ४८,००० वर घेतलेली फाइल कुठेतरी ४४,१०० वर वाजतेय. दोन्हीकडचा आकडा एक करा, गाणं आपल्या पट्टीत परत येतं.

दुकानात नेताना

ॲम्प्लिफायर बंद करून प्लग काढल्यावरही आतले मोठे कपॅसिटर काही काळ भरलेले असतात, आणि व्हॉल्व्हवाल्या जुन्या ॲम्प्लिफायरमध्ये तर काहीशे व्होल्ट. ते उघडणं मेकॅनिकचं काम. जळका वास आला, फ्यूज बदलल्यावर पुन्हा उडाला, की तिथेच थांबायचं. मोठा फ्यूज किंवा तारेचा तुकडा घालून बघू नका.

नेताना मात्र ‘चालत नाही’ एवढंच सांगू नका. मी एका चिठ्ठीवर लिहून यंत्रालाच चिकटवतो. परवाची चिठ्ठी अशी होती: ‘डावीकडचा आवाज वीस मिनिटांनी जातो. वरून थाप मारली की येतो. हेडफोनमध्येही तसंच. वायर, अडॅप्टर बदलून पाहिले.’ मेकॅनिकने ती वाचली, झाकण उघडलं, भिंग लावून एका जॅकच्या मुळाशी बोट दाखवलं. सोल्डरभोवती केसाएवढी गोल भेग. पाच मिनिटांचं काम झालं, पैसे चहापुरते घेतले, आणि चिठ्ठी काचेखाली ठेवून दिली, बाकीच्या गिऱ्हाइकांना दाखवायला.